शेवटून दुसरं वाक्य

पुस्तक होतं चौऱ्याऐंशी पानांचं, आणि ते वाचायला एक्केचाळीस वर्षं लागली होती. आता फक्त दोन वाक्यं उरली होती. त्यातल्या पहिल्या वाक्यापाशी घोडं अडलं होतं, आणि अडून तीन वर्षं झाली होती. अडवून धरणारे गृहस्थ म्हणजे प्राध्यापक कुरामोची. वय अठ्ठ्याहत्तर, जर्मन तत्त्वज्ञानावर तीन जाड ग्रंथ नावावर, घरात एकटे.

दर बुधवारी ते दोन डब्यांच्या गाडीने क्योतोच्या कडेला शुगाकुइनला उतरत, कालव्याच्या कडेने चालत शिओमी वहिनींच्या घरी जात, आणि बरोबर दोन वाजता दार सरकवून आत हाक मारत. शिओमीसर हे त्यांचे गुरू. त्यांनीच हा वाचनवर्ग सुरू केला, तेव्हा अकरा माणसं होती. सर जाऊन आता बारा वर्षं होत आली. बाकीच्यांतले काही गेले, एकाला ऐकू येईनासं झालं, एक जण मुलीकडे साप्पोरोला गेला. उरले कुरामोची आणि सरांच्या पत्नी. वहिनी आधी नुसता चहा घेऊन यायच्या. मग चहा ठेवून दाराशी बसायला लागल्या. दहा वर्षांनी एकदा कुणाचा तरी जर्मन उच्चार त्यांनी सुधारला, तेव्हा सरांनी त्यांच्यासाठी मेजापाशी आसन मांडलं.

वर्गाची रीत सरांनी घालून दिली होती. ज्याची पाळी त्याने एक वाक्य मोठ्याने जर्मनमध्ये वाचायचं, मग जपानीत सांगायचं, आणि मग विचारायचं, "शंका?" सगळ्यांनी "नाही" म्हटलं की वहिनी ते वाक्य शाईने वहीत उतरवणार. एकानेही "आहे" म्हटलं की ते वाक्य उघडं राहणार, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. सर म्हणायचे, पश्चिमेचं ज्ञान आपण औषधासारखं नाक दाबून गटागटा प्यायलो, म्हणून ते अंगी लागलं नाही. ध्यानाला बसतो तसं एकेका वाक्यापाशी बसा. उठायची घाई कुणाला आहे? पुढचं वाक्य बघायचं नाही, मागचं उगाळायचं नाही. सर स्वतः सकाळी मठात बसायचे आणि दुपारी या पुस्तकातल्या जर्मन साधूपाशी. साधू सातशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या प्रवचनांत सरांना आपल्याच मठातल्या भिंतीचा वास येतो, असं ते म्हणत.

तर शंका काढायचा हक्क प्रत्येकाला होता, आणि कुरामोचींनी तो तीन वर्षं असा काही बजावला होता की विचारू नका. त्यांची बायको नोबुए गेली त्यानंतरच्या तिसऱ्या बुधवारी त्यांनी पहिली शंका काढली. ती खरी नव्हती. त्या दिवशी घरी जायचं जिवावर आलं होतं, एवढंच. शंका काढली आणि चहाचा आणखी एक कप आला, साडेपाच वाजले, आणि मुख्य म्हणजे पुढचा बुधवार पक्का झाला. मग त्यांना वाट सापडली. दर आठवड्याला ते एक शंका घरून तयार करून आणू लागले, पूर्वी व्याख्यान तयार करायचे तसे. शब्दाशब्दाचा कीस पाडायचा ही तर त्यांची जन्माची विद्या.

मनाची समजूत त्यांनी चांगली घातली होती. पुस्तक संपलं की वर्ग संपला. वर्ग संपला की वहिनींकडे कोण जाणार? एक्याऐंशी वर्षांची बाई, मुलगा लांब सेंदाईला. त्या एकट्या पडतील. त्यांच्यासाठी तरी वाक्य उघडं राहायला हवं. माणूस स्वतःची कीव दुसऱ्याच्या नावावर किती सहज खपवतो! कुरामोचींनी स्वतःवर केवढे ग्रंथ लिहिले होते, 'स्व' म्हणजे काय यावर, पण हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

ते अडलेलं वाक्य असं होतं: घर रिकामं केलं एवढ्याने भागत नाही, ज्याने रिकामं केलं, त्यानेही बाहेर पडलं पाहिजे.

सप्टेंबरात वेंत्सेल आला. मूळचा जर्मनीतल्या वेस्टफालियाकडचा, पन्नाशी ओलांडलेला, पंधरा वर्षं चर्चमध्ये पाद्री होता. एका रविवारी व्यासपीठावर चढला आणि आपण म्हणतो त्यातलं आपल्याला काहीच ठाऊक नाही असं वाटून खाली उतरला, तो परत चढला नाही. आता क्योतोत विद्यापीठात भाषा शिकवायचा आणि पहाटे मठात जाऊन पाय दुखवून घ्यायचा. कुणीतरी त्याला या वर्गाचं सांगितलं. तो आला, गुडघे मोडून बसला, आणि त्याने आपल्या आजोळच्या बोलीत ते वाक्य वाचलं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात जर्मन अस्सल उच्चारात ऐकू आलं. वहिनींचे डोळे चमकले. कुरामोची मात्र धास्तावले. या माणसाला सगळं समजत होतं. हा एका दुपारीत पुस्तक संपवू शकला असता.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारची गोष्ट. बाहेर बारीक पाऊस येत-जात होता. पांघरूण घातलेल्या उबदार मेजाखाली तिघांचे पाय होते, वर भाजलेल्या पानांचा चहा आणि संत्र्यांची टोपली. देव्हाऱ्यात शिओमीसरांचा फोटो होता, चष्मा किंचित तिरका. वेंत्सेलने वाक्य वाचलं, जपानीत सांगितलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "शंका?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"आहे," कुरामोची म्हणाले. "बाहेर पडलं पाहिजे, म्हणजे कुठे? बाहेर आहे म्हणून तर आत आहे. घर खरंच रिकामं झालं असेल तर आत-बाहेर हा भेदच संपला. मग हा साधू त्या माणसाला पाठवतोय तरी कुठे?"

"सर, बाहेर म्हणजे बाहेर," वेंत्सेल म्हणाला. "देवाला आत यायचंय. मी खुर्ची अडवून बसायचं नाही. झालं. माझी आजी असली वाक्यं वाचायची नाही, पण पाहुणा आला की उठून उभी राहायची."

"तुम्हा लोकांचं हेच! रिकामं घर दिसलं की तुम्हाला करमत नाही. लगेच एक भाडेकरू आणून बसवता."

"आणि तुम्ही घर रिकामं करता, कुलूप लावता, आणि किल्ली गावभर मिरवता."

वहिनी पदराआड हसावं तशा बाहीआड हसल्या. "आज ह्यांनी ऐकायला हवं होतं," त्या फोटोकडे बघत म्हणाल्या. "वेंत्सेल, आणखी एक संत्रं घ्या. भांडायला ताकद लागते."

"वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूने?" वेंत्सेलने विचारलं.

"मी वही लिहिते. बाजू घेतली तर डाग पडतील."

कुरामोची खुशीत आले. खरं तर ते त्या क्षणी फार सुखात होते. पाय उबेत, समोर भांडायला माणूस, बाजूला हसायला माणूस. एवढ्या सुखासाठी एखाद्या साधूला तीन वर्षं दारात उभं करून ठेवलं तर काय बिघडलं? साडेपाचला वहिनींनी लेखणीला टोपण घातलं. "बरं तर, पुढच्या बुधवारी," असं नेहमीसारखंच म्हणाल्या.

परत येताना वेंत्सेल त्यांच्या बरोबर होता. कालव्याच्या कडेला त्याने आपली छत्री कुरामोचींवर धरली. त्यांनी स्वतःची उघडली नाही. कुणी आपल्यावर छत्री धरावी, याला किती दिवस झाले होते!

"सर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावणार. विचारा."

"तुम्हाला खरंच शंका असते का?"

कुरामोची थांबले. असला प्रश्न त्यांना गेल्या साठ वर्षांत कुणी केला नव्हता. इथे माणसं असलं विचारत नाहीत. समजलं तरी मिठाची गुळणी धरून बसतात, आणि त्यालाच सभ्यता म्हणतात.

"म्हणजे काय?"

"कारण आजची शंका तुमच्याच दुसऱ्या ग्रंथात आहे, उत्तरासकट. सहाव्या प्रकरणात. मी वाचलाय."

"वाचलाय?" कुरामोचींना आधी आनंदच झाला, मग लाज वाटली. "तो कुणीच वाचत नाही हो."

"सर, वहिनींना सेंदाईला जायचंय. तुम्हाला माहीत आहे ना?"

"कोण म्हणालं?"

"त्याच. कपबश्या विसळताना. मुलाने दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली बांधून घेतलीय. दोन वर्षं झाली तयार आहे. जानेवारीत शिओमीसरांच्या तेराव्या वर्षाचं श्राद्ध आहे, तेव्हा ही वही पूर्ण करून त्यांच्यापुढे ठेवायची, मग घर बंद करून जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलंय. वही अर्धी टाकून जाणार नाही म्हणतात. त्यानंतरचं श्राद्ध थेट सतराव्या वर्षी, म्हणजे चार वर्षांनी. तोवर मी कसली असते, असंही म्हणाल्या."

"आणि मला का नाही सांगितलं?" कुरामोचींचा आवाज चढला. "एक्केचाळीस वर्षं मी त्या घरात जेवतोय! तुम्ही तीन महिन्यांचे पाहुणे!"

"म्हणूनच मला सांगितलं असेल. परक्याला सांगितलं तर कुणाचा अपमान होत नाही. मी विचारलं, कुरामोचीसरांना सांगत का नाही? तर म्हणाल्या, त्यांना शंका आहे ना. ती फिटल्याशिवाय पुढे कसं जायचं? आणि..." वेंत्सेल अडखळला. "आणि म्हणाल्या, त्यांना बुधवारशिवाय काही नाही."

कुरामोचींनी त्याची छत्री हाताने बाजूला सारली आणि आपली उघडली. बाकीची वाट दोघे दोन छत्र्यांखाली चालले. गाडी आली तेव्हा कुरामोची पुढच्या डब्यात चढले आणि वेंत्सेलला मानेने मागचा डबा दाखवला.

पुढचे काही दिवस त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. आधी वेंत्सेलवर: काय नाक खुपसतो हा माणूस! मग वहिनींवर: पोटात ठेवून हसत बसायच्या, दोन वर्षं! रविवारपर्यंत त्यांनी दोघांनाही मनातल्या मनात चांगलं फैलावर घेतलं. सोमवारी सकाळी ते भाजी आणायला गेले. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, "पिशवी हवी?" ते म्हणाले, "नको." बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की गेल्या बुधवारनंतर आपण जिवंत माणसाशी बोललेला हा पहिलाच शब्द. ते हातात मुळा घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. राग कुठे गेला ते कळलं नाही. उरली ती भीती, उघडीवाघडी. बुधवार गेला तर काय? नोबुएच्या तसबिरीशी ते बोलायचे, पण ती तरी किती ऐकेल? जिवंत असतानासुद्धा अर्ध्यातच म्हणायची, "तुमचं ते शून्य जरा बाजूला ठेवा आणि ताट घ्या."

त्यांना फार एकटं वाटत होतं. तीन ग्रंथांत त्यांनी एकांताला मोठा मान दिला होता. पण ग्रंथातला एकांत निराळा आणि मुळ्याचे एका माणसापुरते काप करताना वाटतो तो निराळा.

बुधवारी ते ठरवूनच गेले, की आज वाक्य सोडून द्यायचं. पायरीवर बूट काढताना त्यांची नजर जिन्याखाली गेली. तिथे जांभळ्या कापडाने झाकलेला एक ढीग होता. तो ते कितीतरी दिवस बघत होते. जास्तीची आसनं असतील, असं वाटायचं. आज कापडाचा कोपरा सरकला होता. खाली सामान हलवणाऱ्या कंपनीचे खोके होते, अजून घड्या न उलगडलेले, दोरीने बांधलेले. दोरीवर धूळ होती. आपल्याला दिसू नये म्हणून वहिनींनी ते झाकून ठेवले होते.

आत सगळं तसंच होतं. "अरे वा, आज दोन्ही मोजे एका रंगाचे," वहिनी म्हणाल्या. "प्रगती आहे." चहा आला. आज वाचायची पाळी वहिनींची. त्यांनी वाक्य वाचलं, सांगितलं, आणि वहीवरचा टीपकागद उचलून विचारलं, "शंका?"

"नाही," वेंत्सेल म्हणाला, आणि त्याने कुरामोचींकडे बघितलंही नाही. त्याने बघायला हवं होतं, निदान कुरामोचींना तसं वाटलं. कुणी डोळे वटारले असते तर बरं झालं असतं.

मेजाखाली ऊब होती. खिडकीबाहेर कॅमेलियाच्या झाडावर पाऊस नुकताच थांबला होता. सव्वादोनच वाजले होते. आत्ता "नाही" म्हटलं की फक्त एक वाक्य, आणि तेही आजच संपलं तर तीन वाजता आपण स्टेशनवर, साडेतीनला घरी.

"आहे," कुरामोची म्हणाले.

काय शंका काढली ते त्यांना स्वतःलाही नीट आठवलं नसतं. 'रिकामं' या शब्दाविषयी काहीतरी होतं. ते पाऊण तास बोलले. घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. वेंत्सेल संत्र्याच्या सालीचे बारीक तुकडे करत बसला होता. वहिनी मान डोलावत ऐकत होत्या, मधूनमधून "हं, हं" म्हणत होत्या, आणि त्यांचा डावा हात वहीच्या कोऱ्या पानावर सपाट पडला होता. त्या वहीत तेवढंच एक पान उरलं होतं. हात म्हातारा झाला होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी हाच हात दारातून तबक आत सरकवायचा, तेव्हाचा कुरामोचींना आठवत होता.

"फार खोल आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आज नाही फिटायची. बरं तर, पुढच्या बुधवारी."

आणि त्यांनी टोपण घातलं. त्या टोपणाच्या आवाजाने कुरामोचींना जेवढं लागलं, तेवढं वेंत्सेलच्या सगळ्या बोलण्याने लागलं नव्हतं. त्यात चीड नव्हती, उसासा नव्हता. त्या त्यांच्यासाठी थांबल्या होत्या. ते वहिनींची सोबत करत नव्हते, वहिनी त्यांची करत होत्या, आणि त्यापायी मुलगा, सून, दक्षिणेकडे खिडकी असलेली एक खोली, सगळं दोन वर्षं ताटकळत ठेवलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या शहाण्या माणसाला ही गोष्ट जांभळ्या कापडाखालून बघावी लागली.

त्या दिवशी ते वेंत्सेलसाठी थांबले नाहीत. त्यानेही हाक मारली नाही.

मधले दोन-तीन बुधवार वहिनींच्या सर्दीमुळे गेले. त्यानंतरचा वर्षातला शेवटचा. कुरामोची लवकर निघाले आणि लवकर पोचले, मग दोन वाजेपर्यंत कालव्याकाठी फेऱ्या मारत राहिले, कारण वेळेआधी जाऊन दारात उभं राहणं म्हणजे यजमानाला धावपळ. वेंत्सेल आला तेव्हा दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, जरा जास्तच खाली.

पाळी कुरामोचींची होती. त्यांनी शेवटून दुसरं वाक्य वाचलं. घर रिकामं केलं एवढ्याने भागत नाही. ज्याने रिकामं केलं, त्यानेही बाहेर पडलं पाहिजे. जपानीत सांगितलं. "शंका?" असं विचारलं, आणि दोघांनी "नाही" म्हटल्यावर स्वतःच म्हणाले, "मलाही नाही."

वहिनींनी मान वर केली. क्षणभर त्यांचा चेहरा अगदी उघडा पडला. आनंद होता का दुःख, ते सांगता आलं नसतं. बहुधा दोन्ही. त्यांनी लेखणीचं टोपण काढलं आणि तीन वर्षं ताटकळलेलं वाक्य एका दमात उतरवलं.

"आता शेवटचं," त्या म्हणाल्या. "पाळी वेंत्सेलची, पण हे मी वाचू का?"

"तुम्हीच वाचा," कुरामोची म्हणाले.

हे शेवटचं वाक्य कुरामोचींना पाठ होतं. विद्यार्थ्यांना त्यांनी ते वीस वेळा शिकवलं होतं. तिन्ही ग्रंथांत ते होतं, आणि तिन्ही ठिकाणी त्यांनी एकच सांगितलं होतं: कुणी येत नाही, कुणाची वाट बघायची नाही, तेच खरं मोकळेपण. पाद्री लोकांचा पाहुणा ही केवळ मनाची दुबळी हौस. याबद्दल त्यांना कधी तिळमात्र शंका आली नव्हती.

वहिनींनी चष्मा सारखा केला. त्यांच्या जर्मनला क्योतोचा हेल होता, प्रत्येक शब्द जरा ओला. त्यांनी हळू वाचलं, मग जपानीत सांगितलं:

"आणि मग दार उघडं राहू द्यावं."

बस्स, एवढंच. कुरामोचींनी ते ऐकलं आणि ते दचकले. आत कुणी नाही. घर रिकामं. ज्याने रिकामं केलं तोही गेला. मग दार उघडं कुणासाठी? कुणी यायचंच नसेल तर साधूने दाराची आठवण तरी का काढली? वाऱ्यासाठी कुणी दार उघडं ठेवतं का? आणि कुणी यायचं असेल, तर आपण आयुष्यभर काय लिहीत बसलो? ते या वाक्यात उत्तर शोधू लागले. साठ वर्षांची सगळी विद्या भराभर उपसली, आणि उत्तर नव्हतं. आपल्याला माहीत नाही. हे आपल्याला खरंच माहीत नाही. ही शंका घरून आणलेली नव्हती. सर असते तर मेजावर थाप मारून म्हणाले असते, "आता खरे बसलात!" या एका वाक्यापाशी बसायला दोन वर्षं, पाच वर्षं, उरलेलं सगळं आयुष्य कमी पडलं असतं. आणि ते एकट्याने बसायचं नव्हतं. त्याला समोर हा हटवादी पाद्री हवा होता आणि बाजूला बाजू न घेणारी ही बाई.

"शंका?" वहिनींनी विचारलं.

"नाही," वेंत्सेल म्हणाला. त्याने या वेळी कुरामोचींकडे बघितलं. त्याला काहीतरी दिसलं असावं, कारण तो पुढे झुकला. "सर?"

वहिनींची लेखणी कोऱ्या पानावर थांबली होती. टोकाला शाईचा थेंब जमत होता.

"नाही," कुरामोची म्हणाले.

वहिनींनी लिहिलं. ओळ संपली, टीपकागद दाबला, उचलला. मग त्या उठल्या, वही दोन्ही हातांनी देव्हाऱ्यात ठेवली, घंटी वाजवली आणि हात जोडून बराच वेळ बसल्या. मागे हे दोघेही हात जोडून बसले. त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि चेहरा एखाद्या मुलीसारखा हलका झाला होता. एवढ्या हलक्या झालेल्या वहिनी कुरामोचींनी सर गेल्यापासून पाहिल्या नव्हत्या.

निघताना त्या पायरीपाशी गुडघे टेकून बसल्या आणि कपाळ जमिनीला लागेल इतक्या वाकल्या. "इतकी वर्षं आलात," त्या म्हणाल्या. "कसे आभार मानू?"

कुरामोची बुटात पाय घालत होते. "सेंदाईला बर्फ पडतो म्हणतात," ते खाली बघूनच म्हणाले. "जपून राहा, वहिनी."

वहिनींनी वेंत्सेलकडे बघितलं. तो छत्रीची गुंडी लावण्यात गढून गेला होता.

"पडतो म्हणतात," त्या सावकाश म्हणाल्या. "पण खोली दक्षिणेची आहे."

त्या फाटकापर्यंत आल्या. पाहुणा वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभं राहायची इथली रीत, ती त्यांनी एक्केचाळीस वर्षांत एकदाही मोडली नव्हती. कुरामोची कालव्याच्या वळणावर पोचले आणि रीतीप्रमाणे वळून वाकले. त्या तिथेच होत्या, राखाडी झग्यात, लहानशा, आणि त्याही वाकल्या. पन्नास पावलांचं अंतर. परत जाऊन म्हणता आलं असतं, "वहिनी, मला एक शंका आहे." त्यांनी लगेच टोपण उघडलं असतं. खोके पुन्हा झाकले असते. हे कुरामोचींना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते वळणाआड गेले.

"सर," वेंत्सेल थोड्या वेळाने म्हणाला, "शेवटच्या वाक्याला तुम्ही दचकलात. काय झालं होतं?"

"काही नाही. पाय बधिर झाला होता."

गाडी आली, तीन वाजून पाच मिनिटांची. आयुष्यातली पहिली खरी शंका घेऊन कुरामोची घरी निघाले, आणि ती विचारायला आता बुधवार उरला नव्हता.